अपुरे राहिलेले अध्याय

मराठी वाङ्मयात शोकाला स्थान विपुल आहे, सांत्वनाला मात्र जेमतेम. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग गाणारे नामदेवांचे अभंग घ्या, किंवा गेलेल्या बाळाला निजलेले मानणारी गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला' मधील आई घ्या. या रचना आपल्या मनावर कोरल्या गेल्या त्या त्यांतील दुःखामुळे. समीक्षकाला शोक प्रामाणिक वाटतो आणि सांत्वन संशयास्पद, कारण सांत्वनाला उपदेशाचा वास येतो असा त्याचा अनुभव असतो. त्यातून ते सांत्वन एखाद्या ख्रिस्ती लेखकाने मांडलेले असेल, तर 'मिशनरी वाङ्मय' अशी चिठ्ठी लावून ते वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावे येतात. परंतु ज्या एका प्रश्नाने ही माणसे आयुष्यभर झपाटलेली होती, तो प्रश्न क्वचितच विचारला जातो. सर्वस्व गेल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो म्हणजे नेमके काय होते? गेलेले परत मिळते का? आणि मिळत नसेल, तर 'आशा' या शब्दाला अर्थ कोणता उरतो?

हे वाङ्मय आम्ही पनवेल परिसरात बरीच वर्षे शिकवले. शिकवताना आमचे लक्ष कादंबरीच्या जन्माकडे, आत्मचरित्राच्या शैलीकडे, ओवी-अभंगांच्या पुनर्वापराकडे असे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमची पत्नी गेली. त्यानंतर तीच पुस्तके पुन्हा हाती घेतली तेव्हा वरचा प्रश्न पानापानांवर दिसू लागला. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि या लेखाच्या अखेरीसही नसू. हे आरंभीच सांगितलेले बरे. या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो आहोत.

आरंभ अर्थातच 'यमुनापर्यटन'पासून. बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिलेली ही कादंबरी मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण विद्यार्थ्यांना सांगतो. यमुना आणि विनायक हे दांपत्य प्रवासाला निघते, वाटेत त्यांना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकू येतात, आणि ज्या दुःखाची ती दोघे साक्षीदार होती ते दुःख अखेर यमुनेच्याच दारात येते: विनायक अपघाताने मरण पावतो. पुढे यमुना ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो. विधवेला माणूस म्हणून जगता यावे ही लेखकाची तळमळ खरी आहे, आणि पुनर्विवाहाचा कायदा जेमतेम एक वर्षापूर्वी, १८५६ साली, झालेला असताना हा शेवट धाडसाचाच होता. तरीही शोकाच्या बाजूने वाचणाऱ्याला येथे काहीतरी खुपते. गेलेल्या नवऱ्याच्या जागी दुसरा नवरा येतो, रिकामी खुर्ची भरते आणि हिशेब मिटतो. सामाजिक प्रश्नाला हे उत्तर पुरेसे असेल. विनायकाच्या जाण्याला ते पुरत नाही.

या रचनेचे मूळ बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात सापडते असे आम्हांला वाटते. पनवेलला या ग्रंथाची ओळख दोन वाटांनी झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागेपर्यंत मुंबईहून पुण्याकडे निघालेला माणूस गलबताने पनवेलच्या बंदरात उतरत असे आणि तेथून पुढे घाटाची वाट धरी. व्यापारी, पलटणी आणि धर्मप्रसारक सारे याच मार्गाचे प्रवासी. दुसरी वाट गावातलीच. कोकणात तेलाच्या घाण्यावर पोट असलेले आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पनवेलचे बेथ एल हे त्यांचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तने रचली, झांजा-पेटीच्या साथीने ती गायिली. तेव्हा ईयोबाची कथा आपल्या भूमीला परकी आहे असे निदान पनवेलकराने म्हणू नये.

ईयोबाच्या पुस्तकातील हिशेब मोठा विलक्षण आहे. आरंभी त्याची ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या आणि ५०० गाढवी; मुले दहा, सात मुलगे आणि तीन मुली. हे सारे जाते. शेवटी देव त्याला दुप्पट देतो: १४,००० मेंढरे, ६,००० उंट, बैलांच्या १,००० जोड्या, १,००० गाढवी. मुले मात्र पुन्हा सात आणि तीनच. हिशेबात ही तफावत का, असा प्रश्न भाष्यकारांना पडला. त्यावर एक जुने उत्तर असे, की मेंढरे मेली ती संपली, म्हणून त्यांची दुप्पट भरपाई करता आली; मुले मरण पावली तरी देवापाशी ती आहेतच, म्हणून दहांत दहा मिळवले की वीस होतात. उत्तर भक्ताचे आहे. परंतु अश्रद्ध वाचकालाही त्यात एक गोष्ट मान्य करावी लागते: माणसाची भरपाई होत नाही, हे त्या प्राचीन लेखकाला ठाऊक होते. नवी मुले जुन्या मुलांच्या जागी येत नाहीत. ती त्यांच्या शेजारी येऊन बसतात.

नव्या करारात हाच विचार अधिक टोकाला गेलेला दिसतो. पुनरुत्थान झालेला ख्रिस्त शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. ज्याला मरणातून उठवता येते त्याला ते वण पुसता आले नसते का? ते पुसलेले नाहीत. उलट संशयी थोमाला ओळख पटते ती त्या वणांवरूनच. ख्रिस्ती आशेचे हे चित्र 'सारे पूर्ववत झाले' या चित्राहून फार वेगळे आहे. 'यमुनापर्यटना'च्या शेवटात वण दिसत नाहीत, आणि आमच्या मते कादंबरीची उणीव तीच आहे. ते वण पाहायचे तर पदमनजींच्या नंतरच्या दोन स्त्रियांकडे वळले पाहिजे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील मृत्यूंची नुसती यादी केली तरी छाती दडपते. १८७० च्या दशकातील मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. लग्नानंतर दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रात येथे शोकाचा अंत होऊन सुखाचा आरंभ होतो असे कोणी दाखवील, तर पुढचे आयुष्य त्याला साक्ष देत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले, आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा संशय सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. सदनातल्या काही मुलींनी पुढे तो धर्म स्वीकारलाच. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई नावाच्या विधवेने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या. दोन्ही गोष्टी एकाच छपराखालच्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्याखेरीज रमाबाईंचे चित्र पुरे होत नाही.

आमचे लक्ष मात्र १८९६-९७ कडे जाते. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई तिकडे गेल्या आणि तेथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. शतक सरता सरता तेथील स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोचली. ज्या अरिष्टाने वीस वर्षांपूर्वी आई, वडील आणि बहीण हिरावून नेली, त्याच अरिष्टाच्या प्रदेशात ही बाई स्वतःहून परत गेली. गेलेली माणसे तिला तेथे मिळणार नव्हती. मिळाल्या त्या दुसऱ्यांच्या मुली. आणि एवढे करूनही नशिबाने सवलत दिली नाही: मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतरही मुद्रिते तपासण्याचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. छापून झालेला संपूर्ण ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांकडे येताना स्वर एकदम बदलतो, कारण 'स्मृतिचित्रे' हसवत हसवत सांगितलेली आहेत. तरी या पुस्तकाचा आरंभ एका फाशीने होतो हे विसरू नये. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी दिले गेले, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, माणसाचा स्पर्श टाळायचा, विटाळाची धास्ती घेऊन जगायचे. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. २०२० नंतरच्या वाचकाला मात्र त्या विनोदाखालचे भय ओळखू येते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणारे आणि भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणारे आम्ही सारे त्या काळात गोखल्यांच्या घरचेच झालो होतो. मोठ्या आघातानंतर माणूस दारे लावून घेतो. 'स्मृतिचित्रे' ही लावलेली दारे एकेक करून उघडण्याची कथा आहे, अशा दृष्टीने ती वाचली तर पुष्कळ प्रसंग नव्याने उलगडतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जिवंत नवऱ्याचा वियोग आला. त्या काळातील ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने हे वैधव्याहूनही विचित्र होते. कुंकू होते आणि नवरा नव्हता. काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. मग एक दिवस विटाळाची कल्पनाच मनातून गळून पडली; जातिभेद आधी गेला, १९०० सालचा बाप्तिस्मा त्यानंतर आला. हा क्रम अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. येथे श्रद्धेचा प्रवेश तत्त्वचर्चेतून झालेला नाही. तो स्वयंपाकघरातून, पाण्याच्या भांड्यावरून, दुष्काळात घरात आलेल्या अनाथ मुलांच्या पंगतीतून झाला.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीने 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभले होते. दहा-अकरा अध्याय होऊन ते थांबले. लग्न झाले तेव्हा जिला अक्षरओळख नव्हती त्या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहिले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याची नोंद बहुधा पतिनिष्ठेचे उदाहरण म्हणून होते. आम्हांला ते शोकाचे एक वेगळेच रूप वाटते. टिळकांच्या शैलीची नक्कल लक्ष्मीबाईंना साधणारी नव्हती. त्यांची ओवी साधी, घरगुती. जोड कोठे आहे ते वाचकाला कळते. तो सांधा लपवण्याचा आटापिटा त्यांनी केलेला नाही. खिळ्यांचे वण आम्ही वर म्हटले ते हेच. पुढे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा तीही अपुरी होती. ती मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरी केली. बापाचे अपुरे बायकोने आणि आईचे अपुरे मुलाने हाती घ्यावे, अशी ही परंपरा आहे. गेलेले माणूस परत मिळत नाही. त्याने अर्धे टाकलेले काम मिळते, आणि ते आपल्याला नीट जमणारे नसते.

येथवर आलेला वाचक विचारील की हे सारे श्रद्धेवाचून शक्य नाही का? आमच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी नव्हता. नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत नगरकडच्या एक निवृत्त परिचारिका राहतात. सारी इमारत त्यांना 'सिस्टर' म्हणते. त्यांचा तरुण मुलगा पूर्वीच गेलेला. आमच्या घरी कोणी पाऊल टाकायला धजत नव्हते त्या तेरा दिवसांत त्या रोज दुपारी डबा घेऊन आल्या, आणि दारात न ठेवता आत आल्या. एके दिवशी डबा ठेवून म्हणाल्या, "सर, इथं बसून प्रार्थना करू का? तुम्हांला नको असेल तर घरी जाऊन करते." आम्ही 'करा' म्हटले. त्यांनी आमच्या पत्नीचे नाव घेतले, तिने त्यांना एकदा कोळंबीचे लोणचे दिले होते त्याबद्दल आभार मानले, आणि या घरातल्या माणसाला झोप लागू दे एवढेच मागितले. पुढे काही महिन्यांनी आम्ही त्यांना सरळच विचारले, की मुलगा पुन्हा भेटेल याची तुम्हांला खात्री आहे का? 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदे त्या तोंडपाठ म्हणतात, त्यामुळे होकाराचीच अपेक्षा होती. त्या थोडा वेळ थांबल्या. "काही दिवस असते, काही दिवस नसते. नसते त्या दिवशी चर्चमधले बाकीचे धरून ठेवतात माझ्यासाठी. मी पण त्यांच्यासाठी धरते की."

या उत्तराने आमच्या एका अडचणीचा उलगडा झाला. श्रद्धा ही एकेका माणसाच्या मनातली मालमत्ता आहे, असली तर आहे आणि नसली तर नाही, असे आपण आधुनिक वाचक गृहीत धरतो. सिस्टरांच्या बोलण्यात ती सामाईक विहिरीसारखी होती. रमाबाईंच्या केडगावात किंवा टिळकांच्या घरात जे घडले ते एकाकी माणसाच्या आत्मबळाचे फळ म्हणून वाचले, तर त्याचा अर्धा अर्थ निसटतो. तेथे एक मंडळी होती, रोजची प्रार्थना होती, पंगत होती. सांत्वन वाचकाला उपदेशासारखे वाटते ते बहुधा या पंगतीपासून तोडून नुसते वाक्य म्हणून समोर ठेवले जाते तेव्हा. आणि म्हणूनच, जो विश्वास आमचा नाही त्याची फळे आमच्या टेबलावर आली तेव्हा ती नाकारणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. त्यांच्यावर हक्क सांगणेही वाटले नाही.

आमच्या पत्नीचे अपुरे म्हणजे सात वह्या. खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत ती शिकवत असे, आणि विद्यार्थ्यांच्या आज्यांकडून आगरी लग्नांतले धवले उतरवून घेत असे. धवला गाणाऱ्या धवलारिणीचा मान लग्नात भटजीच्या बरोबरीचा, किंबहुना काकणभर अधिक. चिंचपाडा, कोल्ही, कोपर या गावांत तिचे जाणे-येणे होते. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांत ही गावे आहेत. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. वह्यांतली गाणी ज्या ओट्यांवर बसून सांगितली गेली ते ओटे आता नाहीत, आणि सांगणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणी नाहीत. आमचा कान छापील ओवीचा. धवल्याची चाल आम्हांला पकडता येत नाही, आगरी बोलीतले कितीतरी शब्द अडतात. तरी चार वह्या स्वच्छ उतरवून झाल्या आहेत. करंजाड्याजवळ वसलेल्या नव्या वसाहतीत एक वृद्ध धवलारीण आहेत. अडलेले शब्द घेऊन आम्ही त्यांच्याकडे जातो. त्या आम्हांला 'मास्तरीणबाईंचं मालक' म्हणून ओळखतात, आणि आम्ही चुकीचे वाचले की मोकळेपणी हसतात.

हे काम म्हणजे 'ख्रिस्तायन' नव्हे, आणि लक्ष्मीबाईंना होता तो पुनर्भेटीचा भरवसा आमच्याजवळ नाही. साम्य असलेच तर ते सांध्यापुरते. पाचव्या वहीत हळदीच्या एका धवल्याच्या मधल्या तीन ओळी गाळून तिने समास सोडला आहे आणि त्यापुढे पेन्सिलीने 'पुन्हा विचारणे' असे लिहिले आहे. त्या ओळी सांगणारी बाई आता हयात नाही, आणि करंजाड्याच्या आजींना तो धवला निराळ्या पाठाने येतो. त्यांचा पाठ आम्ही खाली वेगळा नोंदवला आहे. मधल्या तीन ओळींची जागा तिने ठेवली तशीच ठेवली आहे.